'क्वालिटी हेड अँड आय' की 'अँड मी'? साहेब ऐकत नाहीत

डिस्पॅचवाली, शिरोली
शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी एक्स्पोर्टचे कागद बघते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि परदेशातल्या गिऱ्हाइकांना मेल. शिक्षण मराठी माध्यमातून, बी.कॉम.; इंग्रजी नोकरीत पडल्यावर आली तेवढीच. परवा पंपाच्या एका कास्टिंगचं बदललेलं ड्रॉइंग मागवायचं होतं. मी लिहिलं, "प्लीज सेंड द रिवाइज्ड ड्रॉइंग टू अवर क्वालिटी हेड अँड मी." साहेबांनी 'मी' खोडून 'आय' केलं. म्हणाले, "मी गावठी दिसतं. शिकलेली माणसं अँड आय लिहितात."

घरी लेकीला दाखवलं. ती आठवीत, इंग्लिश मीडियमला. म्हणाली, साहेब चुकले. का, तर म्हणे "ऐकायला कसंतरी वाटतं". आता आमच्या कानाला तर सगळंच उलटं! आपला 'मी' म्हणजे त्यांचा 'आय', आणि त्यांचा 'मी' म्हणजे आपलं 'मला'. त्यांचा 'ही' पुरुष, आपली 'ही' बाई. कर्ता-कर्म शाळेत पाठ केलंय, पण साहेबांपुढं उभं राहून ठणकावून सांगता येईल असं काहीतरी सांगा.

गंगावेस कट्टा
ताई, आमच्या गावाकडं 'आय' म्हणजे आई. कास्टिंगचं ड्रॉइंग आईला पाठवून ती काय करणार? बाकीचं मास्तर लोक सांगतीलच. आम्ही चाललो दूध प्यायला.

निवृत्त मास्तर, राजारामपुरी
तुमचं बरोबर आहे. वाक्यातनं क्वालिटी हेडना जरा बाहेर बसवा. काय उरतं? 'सेंड द ड्रॉइंग टू आय'. असं साहेब तरी लिहितील का? मग हेड परत आत आले म्हणून 'मी'चा 'आय' कसा होईल? टू, फॉर, विथ, फ्रॉम, बिट्वीन यांच्या मागं मी, हिम, हर, अस, देम हेच येणार, बरोबर कितीही मोठा माणूस असो. कर्त्याच्या जागी ह्याच्या उलट. 'हिम अँड मी चेक्ड द कास्टिंग' यातनं एकेकाला काढून बघा, 'हिम चेक्ड' लगेच खटकतं. तिथं 'ही अँड आय'.

साहेबांची चूक कुठनं आली ते मला ठाऊक आहे, कारण ती आम्हीच पेरली. पोरगं वर्गात उठून म्हणायचं, "मी अँड माय फ्रेंड वेंट टू रंकाळा." आम्ही ओरडायचो, "माय फ्रेंड अँड आय!" कारण सांगायचो नाही. पोरानं एवढंच धरलं, की 'अँड'च्या जोडीला 'मी' आला की छडी बसते. मग ते जन्मभर तिथं 'आय' घालत सुटतं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यातही हेच होतं, 'बिट्वीन यू अँड आय' म्हणणारे तिकडंही ढिगानं सापडतील.

आणखी एक सांगून ठेवतो. मराठीत 'ला' लागला की इंग्रजीत 'मी', 'हिम', असा हिशेब काही जण करतात. 'त्यानं मला बोलावलं' इथं तो जमतो. पण मला ताप आलाय, मला माहीत आहे, मला चहा आवडतो, या तिन्हीत 'ला' आहे आणि इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'आय' लागतो. माझ्या वह्यांत 'मी लाइक टी' पुष्कळदा आलेलं आहे. तेव्हा मराठी प्रत्यय बघू नका, इंग्रजी क्रियापद कुणाचं आहे ते बघा.

आपल्याकडं हा घोळ होत नाही, कारण प्रत्यय नामालाही लागतो. रामानं शामला हाक मारली, शामला रामानं हाक मारली, काही बिघडत नाही. इंग्रजीत हजार वर्षांपूर्वी नामंही अशी बदलायची, पुढं ते गळून गेलं, सर्वनामांत तेवढं राहिलं. त्यातही 'यू' मुळात कर्माचं रूप! कर्त्याला 'ये' होतं. 1611 च्या किंग जेम्स बायबलात हा भेद अजून पाळलेला आहे. नंतर कर्मानं कर्त्यालाच घराबाहेर काढलं.

कागल फाइव्ह स्टार
सरांचं मान्य, पण ताईंनी हे फार ताणू नये. मी खरेदी विभागात आहे, रोज परदेशी फोन असतात. पलीकडचा 'हू इज धिस?' म्हणाला तर 'इट इज आय' म्हणायला जाऊ नका, नाटकातलं वाटतं. सगळे 'इट्स मी' म्हणतात. 'टॉलर दॅन मी'सुद्धा चालतं. फक्त 'ही नोज हर बेटर दॅन मी' लिहिलं तर दोन अर्थ निघतात: मी तिला ओळखते त्यापेक्षा तो जास्त ओळखतो, की तो मला ओळखतो त्यापेक्षा तिला? तिथं 'दॅन आय डू' किंवा 'दॅन ही नोज मी' असं पूर्ण लिहायचं. आणि साहेबांशी वाद कशाला? 'प्लीज सेंड इट टू अस' लिहा, विषय संपला.

निवृत्त मास्तर, राजारामपुरी
'इट इज आय'च्या जागी 'इट्स मी' लिहिलं की मीही पूर्वी अर्धा मार्क कापायचो. आता नसता कापला.

डिस्पॅचवाली, शिरोली
सर, 'हेडना बाहेर बसवा' लई उपयोगी पडलं. बोलण्यातलं वेगळं, लिहिण्यातलं वेगळं हे मला पटतं. आम्ही बायका घरात 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतो, पुण्याची नणंद हसते, पण मी ते अर्जात थोडंच लिहिते!

काल जुने मेल चाळले. प्रत्येकाच्या शेवटी 'फॉर एनी क्वेरी कॉन्टॅक्ट मायसेल्फ'. हे साहेबांचंच, वर्षानुवर्षं चिकटवत आलेय. हे बरोबर का? इंटरव्ह्यूला पोरं 'मायसेल्फ अमुक तमुक' म्हणतात तेही विचारते.

निवृत्त मास्तर, राजारामपुरी
दोन्ही चूक. करणारा आणि ज्यावर होतं तो एकच असेल तेव्हा 'मायसेल्फ': 'आय कट मायसेल्फ', मी स्वतःला कापून घेतलं. किंवा जोर द्यायला: 'आय चेक्ड इट मायसेल्फ', मी स्वतः तपासलं. तुमच्या मेलमध्ये कॉन्टॅक्ट करणारा गिऱ्हाईक आहे, तुम्ही नाही. तिथं साधं 'कॉन्टॅक्ट मी'. नाव सांगताना 'आय ॲम'. आय नको, मी गावठी, म्हणून लोक मायसेल्फच्या आडोशाला जातात.

डिस्पॅचवाली, शिरोली
आज ड्रॉइंगचा मेल 'टू अस' लिहून साहेबांकडं नेला. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "हे 'अस' काय आहे? आपली कंपनी भारतातली आहे ना, अमेरिकेला कशाला पाठवायला सांगताय?"