गॅसवरची वीज येईल, पण पाणी कोणाच्या वाट्याचं?

संत्रा बागायतदार, मोर्शी तालुका
आमच्या शिवारात 500 मेगावॅटचं गॅसवरचं वीज केंद्र आणायचं घाटतंय. ग्रामसभेत मी विरोधात हात वर केला. का, ते सांगतो.

राख नाही, धूर कमी, हे मान्य. माझं भांडण पाण्यासाठी आहे. थंड करायच्या मनोऱ्यांतून युनिटमागं साधारण एक लिटर पाणी उडून जातं. केंद्र दिवसभर पुरं चाललं तर एक कोटी वीस लाख लिटर. चार इंचाचं ओलित धरा, रोज तीस एकर वावराचं पाणी झालं! इकडं वरुड-मोर्शीत बोअर खोल खोल जाताहेत, अन् संत्र्याचा आंबिया बहार ऐन उन्हाळ्यात पाण्यासाठी तडफडतो. नांदगावपेठच्या कोळसा केंद्राला अप्पर वर्धा धरणाचं पाणी द्यायचं ठरलं तेव्हा शेतकरी रस्त्यावर आले होते, ते विसरू नका.

शिवाय गॅस कुठून येणार? दाभोळचा 1967 मेगावॅटचा गॅसवरचा वीज प्रकल्प देशी गॅस आटल्यावर 2013 मध्ये ठप्प झाला.

गावचाच, आता नागपूरला
दादा, तुमचे दोन मुद्दे एकमेकांना कापतात. गॅस नसेल तर केंद्र बंद, मग पाणी कशाला लागेल?

कोराडीच्या कोळसा केंद्राच्या राखेचा बंधारा जुलै 2022 मध्ये फुटला, राख वावरात अन् नदीत गेली. तसं इथं होणार नाही. कोळशाच्या जुन्या केंद्रांना युनिटमागं साडेतीन लिटरची मर्यादा आहे, गॅसला त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी पुरतं. सूर्य मावळल्यावर पंपाला वीज कोण देणार? रात्री दोनला मोटर चालू करायला बाबा जातात, मला झोप लागत नाही. गावातली पोरं पुण्याला पळताहेत, तेही बघा.

संत्रा बागायतदार
कापत नाहीत, भाऊ. पाणी आधी कागदावर आरक्षित होतं. केंद्र चालो न चालो, तेवढं सिंचनाच्या वाट्यातून वजा धरतात. जमीनही अडकून पडते. तुझ्या बाबांची रात्रपाळी मला कळते, मीही तीच करतो. त्यावर दिवसा सौर कृषी वाहिनीची वीज हा उपाय जवळचा आहे.

वीज खात्यातून निवृत्त, यवतमाळ
हवेनं थंड करायची सोय असते, तिला पाणी फारच थोडं लागतं. खर्च वाढतो. आपल्या 45 अंशांच्या उन्हात वीजही कमी निघते, कारण तापलेल्या हवेनं वाफ नीट थंड होत नाही अन् वाफेचं टर्बाइन कमी वीज देतं. पण "पाण्याच्या मनोऱ्याला परवानगी नाही" ही अट पर्यावरण मंजुरीच्या जनसुनावणीत लेखी नोंदवून घ्या. सुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते अन् पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीतही हवा. तो मागा, वाचा. नुसत्या घोषणा देऊन परत येऊ नका. माझा प्रकल्पाला विरोध नाही, पण अटीशिवाय पाठिंबाही नाही.

ठेक्यानं वावर करणारी
आम्ही चार एकर ठेक्यानं करतो. सातबारा मालकाच्या नावानं. जमीन गेली तर मोबदला त्यांना, आम्हाला काय? माझ्या घरातलं कोणी टर्बाइन चालवायला जाणार नाही, पऱ्हाटी वेचायलाच जाईल, अन् ती कोणाच्या वावरात? वरच्या दोन्ही भावांनी पाण्याचा अन् विजेचा हिशोब केला, आमचा कोणी केला नाही. सुनावणीला मी येते. मला बोलायला उभं राहायचं आहे, कोणी माझं म्हणणं कागदावर उतरवून द्याल का?

गावचाच, आता नागपूरला
ताई, मी शनिवारी गावी येतो. सोबत बसून लिहू.