गुळपोळी: कडा कोऱ्या राहतात आणि गूळ तव्यावर येतो, चुकतंय कुठे?

सायसाखर

संक्रांत तोंडावर आली, म्हणून आत्ताच विचारते. गुळपोळीसाठी घेते ते प्रमाण असं: किसलेला साधा गूळ 2 वाट्या, तिळाचं कूट पाऊण वाटी, कोरडंच भाजलेलं बेसन 2 चमचे, साजूक तूप 2 चमचे, वेलची. वरच्या आवरणाला निव्वळ कणीक, रोजच्या पोळीपेक्षा थोडी सैल, त्यात पळीभर तेल. उंडा पुरणपोळीसारखाच भरते.

अडचणी तीन. गूळ मधेच राहतो आणि भोवती दोन बोटं कोरी कड उरते. चारातली एक पोळी तव्यावर फुटते, गूळ जळतो आणि पुढच्या पोळ्यांना काळे डाग पडतात. ज्या नीट होतात त्या गरम असताना छान, पण दुसऱ्या दिवशी चामड्यासारख्या वातड. गुळपोळी खरी गारच खायची असते, त्यामुळे तिसरी अडचण सगळ्यांत जास्त बोचते.

खलबत्ता

पुरणपोळीच्या हाताने गुळपोळी केली की हे तिन्ही होतं. पुरण मऊ असतं, सैल कणकेबरोबर पसरतं आणि तव्यावर गेल्यावरही आहे तसंच राहतं. गुळाचं उलट आहे. लाटताना तो घट्ट असतो आणि तव्यावर पातळ होतो. म्हणून लाटण्यापुरतं सारण आणि पीठ एकाच मऊपणाचं हवं, आणि तव्यावर पातळ झालेला गूळ धरून ठेवायला सारणात काहीतरी हवं. ते काम बेसन करतं. तुमचे 2 चमचे अगदीच कमी पडतात.

साधारण 24 पोळ्यांचं प्रमाण देतो.

सारण: साधा पिवळा गूळ 500 ग्रॅम, तीळ 100 ग्रॅम, बेसन 100 ग्रॅम, सुकं खोबरं 50 ग्रॅम, खसखस 2 मोठे चमचे, तेल 75 मिली, 10-12 वेलच्या आणि पाव जायफळ.

आवरण: कणीक 400 ग्रॅम, मैदा 200 ग्रॅम, मीठ पाऊण चमचा, मोहनाला तेल 60 मिली, पाणी अंदाजे 280 मिली.

बेसन तेलातच भाजा, तुपात नको. थंडीत तूप थिजतं, त्याबरोबर सारणही दगड होतं आणि लाटताना जागचं हलत नाही. तुमच्या कोऱ्या कडांचं अर्धं कारण ते 2 चमचे तूप आहे. मंद आचेवर 12-15 मिनिटं, बदामी रंग येऊन लाडवाच्या बेसनासारखा वास सुटेपर्यंत भाजायचं. कच्चं राहिलं तर गार पोळीत लगेच कळतं.

तीळ भाजताना तडतडायला लागले की एक दाणा बोटांत चुरून पाहा. सहज चुरला की उतरवा. रंग येण्याची वाट पाहिली तर कडवट होतात. पूर्ण गार झाल्यावर मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. सलग फिरवला तर तेल सुटून लगदा होतो. खसखस वेगळी भाजा, ती अर्ध्या मिनिटात जळते. खोबऱ्याचा कीस कुरकुरीत भाजून हाताने चुरला तरी चालतं, पण मग तो चाळून घ्या.

आता गूळ. किसणीवर बारीक किसा आणि हाताला लागेल तो प्रत्येक खडा बाजूला काढा. पोळी फुटण्याचं सगळ्यांत मोठं कारण खडा. लाटण्याखाली तो पापुद्र्याला भोक पाडतो. तेव्हा दिसत नाही, तव्यावर दिसतं. सगळं एकत्र करून पुरणयंत्रातून काढा किंवा तळहाताने 10 मिनिटं रगडून मळा. गोळा गुळगुळीत झाला पाहिजे, दाबला तर कडेला भेगा पडायला नकोत. सारण गॅसवर गरम करायचं नाही. गूळ विरघळून पाक झाला की गार झाल्यावर तो गोळीसारखा कडक होतो आणि दात धरतो.

पीठ: मोहनाचं तेल कडकडीत गरम करून पिठावर ओता, हाताने चोळा. मुठीत दाबलं की मुटका वळला पाहिजे. मग घट्ट भिजवा, पुरीच्या पिठाइतकं. तासभर झाकून ठेवा आणि लाटण्याआधी पुन्हा चांगलं मळा. आता पिठाची एक लाटी आणि सारणाची एक गोळी दोन बोटांत एकदम दाबून पाहा. दोन्ही सारख्याच दबल्या तर पुढचं काम सोपं. पीठ आधी दबत असेल तर सारणात चमचाभर तेल घालून आणखी मळा. सारण आधी दबत असेल तर पिठाला पाण्याचा हात लावा.

तीळतांदूळ

वरच्यात एवढंच घालते की चिक्कीचा गूळ चुकूनही आणू नका. हल्ली दुकानात संक्रांतीच्या दिवसांत तोच पुढे मांडलेला असतो. तो गार झाला की कडक होण्यासाठीच असतो, त्यामुळे वड्यांना उत्तम आणि पोळीला घातक. या दिवसांत कोल्हापूर-सांगलीकडचा नवा गूळ येतो, त्यातला नखाने खरवडला जाईल असा मऊ बघून घ्या. मात्र हाताला ओलसर, चिकट लागणारा गूळ नको, काकवी जास्त असलेला गूळ तव्यावर आधी बाहेर येतो.

लाटणंबाई

प्रमाण पटलं, पण लाटण्याची पद्धत खलबत्त्यांनी अर्धीच सोडली, आणि कोऱ्या कडांचं खरं उत्तर तिथे आहे.

उंडा भरून लाटला की वरचा पापुद्रा पातळ राहतो आणि खाली, जिथे तोंड बंद केलं तिथे, पिठाची गाठ बसते. पुरणपोळीत ती खपते. गुळपोळीत एक बाजू कच्ची राहते आणि दुसरी फुटते. म्हणून दोन लाट्यांची पद्धत घ्या. प्रत्येकी 20 ग्रॅमच्या दोन लाट्या, मधे 35 ग्रॅमची गोळी. दोन्ही लाट्या पुरीएवढ्या, 4 इंचाच्या लाटायच्या. गोळी तळहातावर चपटी करून लाटीपेक्षा पाव इंचच लहान करायची, म्हणजे ती कडेजवळ आधीच पोचलेली असते. नुसती गोळी मधे ठेवली तर लाटणं तिला पसरवेल या आशेवर राहावं लागतं. वरून दुसरी लाटी, आणि कडा दाबण्याआधी मधून बाहेर हात फिरवून आतली हवा काढा. ही हवा तव्यावर फुगते आणि कडेतून वाट काढते.

लाटताना पोळपाटावर तांदळाची पिठी भुरभुरा. कणीक लावली तर ती तव्यावर करपते. लाटणं मधे दाबू नका, कडेकडे हलक्या हाताने ढकला, पोळी फिरवत राहा, उलटू नका. सात इंचापर्यंत लाटली की पापुद्र्यातून गुळाचा तपकिरी रंग दिसायला लागतो. तो कुठे पोचला ते बघून उरलेली कोरी कड सरळ कातण्याने कापून टाका. जुन्या हातांच्या बायकाही कापतात, त्यात कमीपणा काही नाही. फक्त अगदी गुळावरून कापू नका, दोन दाण्यांएवढी कड राहू द्या.

खलबत्ता

दोन लाट्या मान्य. नवख्या हाताला मात्र त्यात कड सुटण्याची भीती जास्त असते. पहिल्या चार-पाच पोळ्यांना खालच्या लाटीच्या कडेला ओलं बोट फिरवून मग वरची लाटी ठेवा.

उत्तरध्रुव

टोरांटो, लंडनकडच्यांसाठी. स्वयंपाकघर 17-18 अंशांवर असलं की वरचं सगळं बरोबर करूनही सारण पसरत नाही, कारण गूळ आणि पीठ दोन्ही आखडतात आणि गूळ जास्त आखडतो. सारणाचं भांडं झाकून कोमट पाण्याच्या परातीत ठेवा, किंवा बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून अर्धा तास. ओव्हन तापवायचा नाही. झाकण घट्ट हवं, आत वाफ शिरली तर सारण ओलं होतं आणि ओला गूळ नक्की बाहेर येतो. एका वेळी चार-पाच गोळ्यांपुरतंच सारण बाहेर काढा.

इथे मिळणारी गुळाची पावडर एकटी वापरू नका. ती कोरडी असते, मळून गोळा होत नाही. निम्मी पावडर आणि निम्मा ढेपेचा गूळ घ्या, त्यात 2 चमचे कोमट पाणी शिंपडून आदल्या रात्री झाकून ठेवा, सकाळी मळा. दूध घालू नका, पोळ्या टिकत नाहीत.

विजेच्या शेगडीवर आच कमी केली तरी कॉइल बराच वेळ गरम राहते, म्हणून आच वर-खाली करत बसण्यात अर्थ नाही. मध्यमवर लावून तवा 5 मिनिटं तापू द्या आणि मग हातच लावू नका. तवा सपाट हवा. मधे खोलगट असेल तर पातळ झालेला गूळ मधे गोळा होतो.

सायसाखर

सगळ्यांचे आभार. म्हणजे तूप, सैल कणीक आणि उंडा, तिन्ही ठिकाणी पाणी मुरत होतं! अजून तीन शंका. सारण आदल्या दिवशी केलं तर चालेल का? मैदा अजिबात घालायचा नसेल तर काय? आणि वातडपणाबद्दल कोणीच बोललं नाही.

लाटणंबाई

सारण आदल्या दिवशीच करा. रात्रभरात कूट आणि बेसन गुळात मुरतं, सकाळी गोळा जास्त एकजीव होतो. भोगीच्या दिवशी बाजरीच्या भाकऱ्या आणि भोगीची भाजी असते, तेव्हा ओट्यावर आधीच गर्दी. त्यामुळे सारण त्याच्याही आदल्या रात्री करून बाहेरच झाकून ठेवलं तर उत्तम. फ्रिजमध्ये नको.

मैदा नको असेल तर कणीक मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळा. कोंडा राहिला तर पापुद्रा तिथे फाटतो. 600 ग्रॅम चाळलेल्या कणकेला 2 मोठे चमचे बेसन घाला आणि मोहन 75 मिलीपर्यंत वाढवा. पोळी थोडी जाड होईल, पण खुसखुशीत होते.

वातडपणाची कारणं: मोहन कमी, पीठ सैल, आणि गरम पोळ्या एकावर एक रचणं. पहिल्या दोन वर सुधारल्या. तिसरी भाजल्यानंतरची आहे. गरम पोळीतून वाफ निघते. ती डब्यात किंवा चळतीत अडकली की पापुद्रा मऊ होऊन मग वातड होतो. म्हणून पोळी तव्यावरून काढली की कागदावर किंवा सुती पंचावर एकेक सुटी पसरायची. पाच मिनिटांनी एकदा उलटायची. पूर्ण गार झाल्यावरच रचायची, ती तेव्हा वाजली पाहिजे.

आणि भाजताना: तवा मध्यम आचेवर, कोरडा. पहिल्या बाजूला बारीक फोड दिसले की उलटा, साधारण 40-50 सेकंद. दुसऱ्या बाजूला तेवढंच. त्यानंतर हवी तर एकदा परत. उलथन्याने दाबू नका, फुलक्यासारखी फुगवायचीही नाही. आच फार मंद ठेवली तर भाजायला वेळ लागतो, पोळी वाळते आणि कडक होते. फार मोठी ठेवली तर गूळ पापुद्रा शिजायच्या आत उकळतो आणि फोडून बाहेर येतो.

तीळतांदूळ

काळ्या डागांचं राहिलं. गूळ आला की ती पोळी निघाल्यावर लगेच आच कमी करून उलथन्याच्या कडेने तवा खरवडा आणि ओल्या, पिळलेल्या जाड फडक्याने पुसा. चिमट्यात धरून पुसा, वाफ हाताला भाजते. तेल लावून पुसायला जाऊ नका, जळका गूळ त्याने पसरतो आणि पुढच्या तीन पोळ्या कडू होतात. नॉनस्टिक तव्यावर खरवडायची सोय नाही, लोखंडीच घ्या.

खलबत्ता

नीट गार केलेल्या पोळ्या कागद घालून डब्यात 8-10 दिवस सहज राहतात. सारण उरलं तर छोटे लाडू वळा, तिळगूळ म्हणून हातावर ठेवायला चालतात. पीठ उरलं तर त्यात ओवा आणि मीठ मळून खारे शंकरपाळे तळा. मात्र ते त्याच दिवशी, घट्ट पीठ दुसऱ्या दिवशी काळपट पडतं.