‘जडप्राणवाद’ शब्द बरोबर आहे का?

जुना वाचक:
एक लेख भाषांतरित करतोय. ‘अ‍ॅनिमिझम’साठी, म्हणजे झाड, दगड, डोंगर यांतही जीव मानण्यासाठी, ‘जडप्राणवाद’ घ्यावा की ‘सर्वात्मवाद’? पहिला खटकतोय, पण नेमकं का ते सांगता येत नाही.

पाणकोळी:
खटकतो कारण त्यात ‘जड’ आहे. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी १८७१ मध्ये ‘अ‍ॅनिमिझम’ ही संज्ञा रूढ केली. मूळ लॅटिन ‘अ‍ॅनिमा’, म्हणजे श्वास, प्राण. स्वप्नात मेलेली माणसं दिसतात, त्यावरून माणसाला आत्मा सुचला आणि मग तो त्याने झाडादगडांनाही लावला, अशी त्यांची मांडणी. मराठी शब्द तीच पायरी धरून बनलाय: वस्तू आधी जड, मागाहून प्राण. डोंगराला नारळ देणाऱ्याच्या लेखी डोंगर कधीच जड नसतो. निलगिरीतल्या नायक लोकांत राहून अभ्यास केलेल्या नुरित बर्ड-डेव्हिड यांनी १९९९ मध्ये हाच आक्षेप घेतला. ते लोक जंगलाला आईबाप मानतात. तिथे मुद्दा सिद्धांताचा नाही, नात्याचा आहे.
‘सर्वात्मवाद’ तर नकोच. तो वाचला की वेदान्त आठवतो, सगळ्यांत एकच आत्मा. इथे प्रत्येक जागेचा धनी वेगळा, स्वभाव वेगळा, मानही वेगळा.

तळकोकणी:
‘धनी’ अगदी बरोबर. आमच्याकडे राखणदार म्हणतात. पुष्कळदा मूर्ती नसतेच. एखादं झाड, एखादा दगड. सातेरी देवीचं मूळ रूप तर वारूळ. देवराईतली वाळकी फांदीसुद्धा चुलीत घालायची नाही, ही शिस्त कुठल्या ग्रंथात नाही. ती जागा कुणाची आहे हे माहीत असतं म्हणून पाळली जाते. आरवलीच्या वेतोबाला भल्यामोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात, असं मानतात.
भाषा ऐकायची तर गाऱ्हाणं ऐका. गावकार बोलतो, बाकीचे ‘होय म्हाराजा’ म्हणतात. तुझा मान तुला दिला, चुकलंमाकलं पदरात घे, आता लेकराबाळांची राखण कर. सरळ व्यवहार आहे! मोक्षाचं नावही नाही. एखादी गोष्ट करायची की नाही हे ठरेना, तर देवाला कौल लावतात, म्हणजे त्याचंही मत घेतात.

डोंगरवाट:
डहाणू-जव्हारकडे वारल्यांत धान्यच देवी आहे, कणसरी. नवं भात तिला दिल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. पावसाचा नारनदेव, मोरपिसांचा हिरवा, लग्नात भिंतीवर काढायच्या चित्रात, म्हणजे चौकात, पालघट देवी. चौक काढतात सवाशिणी आणि त्यात देवीला गाऊन बोलावते धवलेरी. वाघबारशीला वाघाची पूजा. ज्याची भीती त्याच्याशीच सलोखा करायचा, मला हे फार शहाणपणाचं वाटतं. दुखणं आलं की भगत दाणे पाहतो. तो विचारतो ते असं: कुणाचा मान राहिला, कोण रुसलं? चित्रांच्या पुस्तकांत वारली लोक ‘निसर्गपूजक’ असल्याचं छापतात. गोड शब्द, पण रुसण्याफुगण्याचा हा सगळा भाग त्यात गायब होतो.

भटक्या:
मग खंडेनवमीला मी मोटारसायकलला हार घालतो, तोही अ‍ॅनिमिझमच का? :)

पाणकोळी:
हसू नका. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाला ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणतात. हे वस्तूशी बोलणं नव्हे. सीमारेषा आपल्या घरातूनच जाते, म्हणून तर ‘आदिवासी हिंदूच की वेगळे’ हा वाद मिटत नाही. इंग्रजांनी १९०१ च्या जनगणनेत ‘अ‍ॅनिमिस्ट’ हा धर्मच केला होता, १९३१ ला त्याच जागी ‘आदिवासी धर्म’ आले, स्वातंत्र्यानंतर तो रकानाही गेला. २०११ मध्ये सुमारे ४९ लाख लोकांनी धर्म म्हणून ‘सरना’ लिहिलं. सरना म्हणजे सालवृक्षांची राई. २०२० मध्ये झारखंड विधानसभेने सरनाच्या स्वतंत्र नोंदीचा ठराव केला. तेव्हा भाषांतरात ‘आदिम धर्म’ वगैरे लिहू नका, ते अपमानास्पद होईल.

जुना वाचक:
‘अ‍ॅनिमिझम’ तसाच ठेवतो आणि पहिल्या उल्लेखाला एक वाक्य खुलाशाचं देतो. आणखी एक: पुजाऱ्याच्या शरीरात देव येतो, तिथे मी ‘पछाडणे’ लिहिलंय. चालेल?

तळकोकणी:
अजिबात नाही. पछाडतं, झपाटतं ते भूत. देव अंगात येतो, वारं येतं. आमच्याकडे ‘अवसर’ येतो. ज्याला बाधा झाली त्याची सुटका करतात, ज्याच्यावर अवसर आला त्याच्यापुढे हात जोडून प्रश्न विचारतात. ‘अंगात येणे’ लिहा, कोकणाबाहेरही कळेल.