काळ्या मातीत जाळीचे कुंपण: खांब पुन्हा पुन्हा का कलतात?

प्रश्न: हिंगणामार्ग

नमस्कार. हिंगणा मार्गाला लागून माझा ४० बाय ७५ फुटांचा भूखंड आहे. त्याला तीन वर्षांपूर्वी चेन लिंक जाळीचे कुंपण करून घेतले होते. १२ फुटांचे फाटक सोडून २१८ फूट लांबी, लोखंडी अँगलचे खांब आणि प्रत्येक खांबाला दीड फुटाचा खड्डा, असे ते काम होते. पहिल्याच पावसाळ्यात कोपऱ्याचे दोन खांब आत झुकले, पुढच्या उन्हाळ्यात खांबांच्या बुडाशी चार बोटे सहज जातील एवढ्या भेगा पडल्या आणि आता जाळी इतकी सैल झाली आहे की खालची कड उचलून माणूस आत शिरू शकतो. गेल्या महिन्यात कोणीतरी तसेच शिरून बोअरची केबल कापून नेली. नवीन ठेकेदाराचे म्हणणे आहे की खांब तेच ठेवून जाळी तेवढी जाड घ्यावी. हा सल्ला योग्य आहे का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर: मुरूम-गिट्टी

खांब तेच ठेवून जाड जाळी लावल्यास ओढ वाढेल आणि ते आणखी लवकर झुकतील. आपल्याकडच्या काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट ही चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आपला दीड फुटाचा काँक्रीटचा गोळा सगळाच्या सगळा या हलत्या थरात बसला आहे, त्यामुळे तो दरवर्षी मातीबरोबर हलतो आणि जाळी ज्या बाजूला ओढते त्या बाजूला कलत जातो.

खड्डा किमान तीन फूट न्यावा, आणि त्याआधी मुरूम लागला तरी खांबाचे बूड मुरमात चांगले रुतवूनच थांबावे. तळ तोंडापेक्षा रुंद ठेवावा, म्हणजे वरची माती फुगून काँक्रीटला उचलू लागली तरी खालचा रुंद भाग त्याला धरून ठेवतो. रूरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने काळ्या मातीतील इमारतींसाठी विकसित केलेल्या अंडर-रीम्ड पाइलमागे, म्हणजे तळाशी फुगीर असलेल्या काँक्रीटच्या खांबी पायामागे, हेच तत्त्व आहे. मजूर मात्र सवयीने वर रुंद आणि खाली निमुळता खड्डा करतात, कारण सब्बल तशीच चालते. म्हणून पहिले दोन-तीन खड्डे तरी आपण स्वतः समोर उभे राहून करून घ्यावेत. काँक्रीट १:२:४ (सिमेंट, वाळू, गिट्टी) प्रमाणाचे असावे आणि त्याचे डोके जमिनीच्या दोन इंच वर, चारही बाजूंना उतार देऊन गुळगुळीत करावे, कारण अँगल नेमका जमिनीलगत, जिथे पाणी साचते तिथेच गंजतो.

दुसरी गोष्ट कोपऱ्यांची. जाळीचा सगळा ताण कोपऱ्याचे आणि फाटकाचे खांब सोसतात. मधले खांब जाळीला फक्त उभी धरतात. कोपऱ्याच्या प्रत्येक खांबाला दोन्ही कुंपणांच्या रेषेत एकेक तिरका टेकू हवा आणि टेकूचे पायही काँक्रीटमध्येच हवेत. आपल्या वर्णनात टेकूंचा उल्लेख नाही, त्यामुळे ते बसवलेच नसावेत असे वाटते. मधले खांब आठ-आठ फुटांवर घ्यावेत आणि काँक्रीटला सात दिवस पाणी मारल्याशिवाय जाळी ताणू देऊ नये.

जाळीच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवावे की गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. १० गेजची तार ३.२५ मिलीमीटर असते आणि १२ गेजची २.६४. डोळ्याला हा फरक कळत नाही, म्हणून माल उतरवतानाच व्हर्नियरने मोजावे. प्लॅस्टिकचा थर असलेली जाळी असेल तर थर खरवडून आतली तार मोजावी. आपल्याला दोन इंची आसाची (जाळीच्या छिद्राची), १० गेजची, सहा फुटी जाळी पुरेशी आहे. तुरुंगांच्या कुंपणाला वापरतात ती ‘३५८’ जाळी, म्हणजे ३ इंच बाय अर्ध्या इंचाची आसे आणि ८ गेजची तार, सुरक्षेला निश्चितच उत्तम असते, कारण तिच्यात बोटही नीट अडकत नाही आणि कटरचे तोंडही सहज शिरत नाही. पण मोकळ्या भूखंडासाठी तेवढा खर्च करण्याऐवजी तो पैसा खांबांच्या पायात घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर: काटोलचा धुरा

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. आमच्या संत्र्याच्या बगीच्यात रानडुकरे नाकाने जाळीची खालची कड उचलत असत. वर, मध्ये आणि खाली अशा तीन ताणतारा घेतल्या, खालच्या तारेला जाळी फुटाफुटावर बांधली आणि दोन खांबांच्या मध्ये सळईचा दोन फुटी आकडा जमिनीत ठोकून त्यात ती तार अडकवली, तेव्हापासून कड उचलली गेलेली नाही. बांधण्यासाठी सेंट्रिंगची काळी तार वापरू देऊ नका, ती लवकर गंजून तुटते. जस्ताचा मुलामा असलेलीच तार घ्यावी.

आणि खड्डे खणण्यापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हाती घ्यावी. तीन फूट काँक्रीटमध्ये रोवलेला खांब शेजाऱ्याच्या हद्दीत निघाला, तर तो काढणे फार जड जाते.

प्रश्नकर्ता: हिंगणामार्ग

दोघांचेही मनापासून आभार. टेकू खरोखरच नव्हते. आज एक कललेला खांब उपटून पाहिला. काँक्रीट खाली निमुळते, अगदी गाजरासारखे निघाले. शेवटचे दोन प्रश्न: जुनी जाळी बरी आहे, ती फाटकाजवळच्या तुकड्याला वापरता येईल का, आणि काम कोणत्या महिन्यात करावे?

उत्तर: मुरूम-गिट्टी

मुलामा शाबूत असेल तर वापरावी. तुकडा करण्यासाठी सगळ्या तारा कापण्याची गरज नसते. एका उभ्या तारेची वरची आणि खालची गाठ उलगडून ती तार स्क्रूसारखी फिरवत वर काढली की जाळी तिथेच दोन भागांत सुटते, आणि तीच तार पुन्हा फिरवत घातली की दोन तुकडे जोडले जातात.

खड्डे डिसेंबर-जानेवारीत घ्यावेत; तेव्हा माती वाफशावर असते, खणायला मऊ आणि कडा न ढासळणारी. जाळी मात्र थंडीच्या पहाटे न ताणता दुपारी ताणावी. तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर ३० मीटर तार सुमारे एक सेंटीमीटरने लांबते, त्यामुळे मे महिन्यात ताणतारा थोड्या सैल जाणवतील. त्यासाठी कोपऱ्यांवर प्रत्येक ताणतारेला टर्नबकल (तार ताणण्याचा आट्यांचा पेच) बसवून घ्यावे, म्हणजे पान्याने दोन-चार वेढे देऊन ताण आपल्याला स्वतःच पूर्ववत करता येईल.