शनिवारवाड्यातल्या दरबाराचं जुनं प्रिंट, कोपऱ्यात ‘टर्नर’ असं नाव: हा कोण?

कसबेकर_७४:
नमस्कार मंडळी. सदाशिव पेठेतलं आजोळचं घर रिकामं करताना माळ्यावर एक मोठी फ्रेम सापडली. काळंपांढरं चित्र आहे, सवाई माधवराव पेशवे दरबारात बसलेत आणि इंग्रजांचा पुण्यातला वकील मॅलेट साहेब तहाचे कागद देतोय. खाली डाव्या बाजूला डॅनियल आणि उजवीकडे टर्नर. म्हणजे तो समुद्राची नि वादळाची चित्रं काढणारा जगप्रसिद्ध टर्नर की काय? तो पुण्यात कधी आला होता का? आणि हे खरं जुनं प्रिंट आहे की नंतर छापलेलं ते घरच्या घरी कसं ओळखायचं? एक वाईट गोष्ट अशी की कुणीतरी पूर्वी फ्रेम बदलताना कागदाच्या कडा छाटून टाकल्यात, ते बघून फार जीव तुटला.

जुनी_पानं:
तो टर्नर नव्हे हो, हा चार्ल्स टर्नर. आडनाव एकच, नातं काही नाही, पण दोघांचं आयुष्य एकमेकांत चांगलंच गुंतलेलं होतं, ते पुढे सांगते. हा १७७४ साली ऑक्सफर्डशायरमधल्या वुडस्टॉकला जन्मला, लंडनला येऊन रॉयल अॅकॅडमीच्या शाळेत शिकला आणि पुढे मेझोटिंटमधला (तांब्याच्या पत्र्यावर चित्र उठवून छापायची एक पद्धत) मोठा माणूस झाला. असे सहाशेच्या वर पत्रे, म्हणजे प्लेट्स, केल्या, त्यात निम्म्याहून जास्त पोर्ट्रेट्स. फोटो नव्हते तेव्हा, त्यामुळे राजा, सेनापती, शास्त्रज्ञ कसे दिसतात हे लोकांना कळायचं ते अशा माणसांच्या हातून. १८१२ मध्ये राजाचा अधिकृत मेझोटिंट एन्ग्रेव्हर, म्हणजे पत्र्यावर चित्र उतरवणारा, आणि १८२८ मध्ये अॅकॅडमीचा असोसिएट, म्हणजे सहसभासद. त्याच्या पुढची पायरी नाही, कारण त्या काळी एन्ग्रेव्हरला पूर्ण सभासद करतच नसत, दुसऱ्याचं चित्र उतरवणारा म्हणून दुय्यम धरायचे. मला याचा खरंच राग येतो.

पुण्याला तो कधीच आला नाही. तह झाला १७९० मध्ये, टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि पेशवे असा. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार मुंबईला उतरला १७९१ ला, म्हणजे त्यानेही तो प्रसंग पाहिलेला नाही, पण त्याने पुण्यात राहून पेशवे, नाना फडणवीस यांना समोर बसवून चित्रं केली. तो १७९५ ला वारला आणि त्याच्या कामावरून थॉमस डॅनियलने लंडनमध्ये १८०५ ला हे मोठं तैलचित्र केलं. त्यावरून चार्ल्स टर्नरची प्लेट १८०७ ची. तीन हातांतून आलेले आपले पेशवे आहेत ते!

तांब्याची_प्लेट:
मी प्रिंटमेकिंग करतो म्हणून तंत्राबद्दल लिहितो. मेझोटिंटमध्ये सगळं उलटं असतं. रॉकर नावाचं एक हत्यार येतं, अर्धगोल धार, धारेला बारीक दात, ते तांब्याच्या पत्र्यावर पाळण्यासारखं झुलवत उभं, आडवं, तिरकं फिरवत राहायचं, दिवसच्या दिवस, सगळा पत्रा खरखरीत होईपर्यंत. आपल्या तांबट आळीत भांड्यावर मठारकाम करतात ना, ठोक्याला ठोका लावून, तसाच धीर लागतो. अशा पत्र्याला शाई लावून छापलं तर नुसता मखमली काळा येतो. मग त्या अंधारातून स्क्रेपर आणि बर्निशर या खरवडायच्या नि गुळगुळीत करायच्या हत्यारांनी घासत घासत उजेड बाहेर काढायचा. जितकं गुळगुळीत तितकं पांढरं. चेहऱ्याला हे फार छान जमतं, कारण रेघ नसते, गालावरची सावली हळूहळू विरत जाते. पण तांब्यावरची ती खरखर प्रेसच्या दाबाने लवकर बसते, पहिले काही छाप खोल काळे, पुढचे करडे.

कडा गेल्या म्हणजे छापताना प्लेटच्या कडेचा कागदावर उठणारा दाब दिसणार नाही. भिंग घ्या आणि सावलीतून उजेडाकडे जातानाचा भाग बघा. एकसारखे रांगेतले ठिपके दिसले तर अलीकडची छपाई. एकमेकांवरून गेलेल्या बारीक दातांची जाळी दिसली तर आशा आहे. आणि घरी पुसायला, चिकटपट्टी लावायला अजिबात जाऊ नका.

जुनी_पानं:
हो, दोन टर्नरांचं राहिलं. त्याच १८०७ मध्ये चार्ल्सने मोठ्या टर्नरच्या, म्हणजे त्या समुद्रवाल्या जगप्रसिद्ध टर्नरच्या, ‘शिपरेक’ चित्राचं मेझोटिंट केलं, आणि ‘लिबर स्टुडिओरम’ ही मोठ्या टर्नरच्या निसर्गचित्रांची छापील मालिकाही तेव्हाच सुरू झाली. बाह्यरेषा मोठा टर्नर स्वतः एच करायचा, म्हणजे आम्लाने पत्र्यावर कोरायचा, छटा चार्ल्स भरायचा, त्याला प्लेटमागे आठ गिनी (तेव्हाचं इंग्रजी नाणं). वीसेक प्लेट झाल्यावर चार्ल्सने दहा मागितल्या आणि भांडण झालं, बरीच वर्षं बोलणं बंद. मला तरी त्याचं मागणं रास्तच वाटतं, वर वाचलंत ना किती दिवसांची खपणी असते ती. पुढे मात्र समेट झाला आणि मोठ्या टर्नरच्या मृत्युपत्राच्या एक्झिक्युटर्समध्ये, म्हणजे ते अमलात आणणाऱ्यांमध्ये, चार्ल्सचं नाव होतं. १८५७ ला गेला, ऐंशी ओलांडून.

पर्वतीच्या_पायऱ्या:
एक गोष्ट लक्षात आली म्हणून लिहितोय, सवाई माधवरावांचा जन्मही १७७४ चाच, पुरंदरावर. म्हणजे दोघं एकाच वयाचे. इकडे पेशवे एकविसाव्या वर्षी वाड्यातून पडून गेले, तिकडे तेवढाच पोरगा लंडनमध्ये अजून हात बसवत होता, आणि बारा वर्षांनी त्यानेच यांचा चेहरा तांब्यावर घासून काढला. मन भरून आलं वाचून.

आणि गंगाराम तांबट यांचंही नाव घ्यायला हवं. ते पुण्याचेच, मॅलेटसाठी वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढणारे, वेल्सबरोबरही काम केलेले.

कसबेकर_७४:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आजोबांचं घड्याळ दुरुस्तीचं भिंग घेऊन बसलो. मागच्या अंधाऱ्या भिंतीच्या कडेला बारीक जाळी दिसतेय, तिरपी, एकीवर एक, रांगेतले ठिपके कुठेच नाहीत. तिथून भिंग सरकवत पेशव्यांच्या गालापर्यंत आणलं तर जाळी विरळ होत होत नाहीशी होते आणि नुसता कागद राहतो. आईला बोलावून दाखवलं, ती बराच वेळ भिंगातून डोळा काढेना. काच आज काढत नाहीये, कागदाचं काम करणाऱ्या माणसाला दाखवूनच पुढचं. तोवर उन्हापासून लांब, आतल्या खोलीत ठेवलंय.