एकटीने स्टँडअप बघायला जायचंय, लोअर परळ किंवा खार. कसं करू?

ग्रंथपाल_मुलुंड

नमस्कार मंडळी. मी मुलुंड पूर्वेला राहते, वय ४६, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी. गेली दोन वर्षं रात्री ओटा आवरताना मोबाईल डब्याला टेकवून भाडिपा या यूट्यूब चॅनेलचे आणि इतरांचे मराठी स्टँडअप बघते. आता ते समोर बसून बघायचंय. ह्यांना आवड नाही, लेक पुण्यात शिकतेय, आणि मैत्रिणींना विचारलं की म्हणतात, त्यापेक्षा नाटकाला चल. म्हणून येत्या शुक्रवारी कॉलेजातून परस्पर एकटीच जाणार आहे. जमले तर एकाच रात्री दोन शो.

विचारायचं कारण असं. तीन वर्षांपूर्वी स्टाफच्या ग्रुपबरोबर पश्चिम उपनगरातल्या एका ठिकाणी गेले होते. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. कॉमेडियनने माझं वय विचारलं आणि पुढची दहा मिनिटं माझ्या साडीवर काढली. ग्रुप हसत होता म्हणून मीही हसले. घरी आल्यावर झोप लागली नाही. शिवाय निघताना खाण्यापिण्याचं किमान बिल मागितलं, जे तिकिटावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. तो एक अनुभव सोडला तर मला या कलेविषयी मनापासून ओढ आहे. एकट्या बाईने कुठे बसावं, कुठला शो निवडावा, आणि रात्री मुलुंडला परत कसं यावं, एवढं सांगाल का?

विंगेतला_माणूस

ताई, नक्की जा. मी नाटकांना लाइट करतो, २२ वर्षं झाली. शिवाजी मंदिर, दीनानाथ, गडकरी रंगायतन, दौरे, सगळं. प्रयोग नसलेल्या रात्री मी एकटा स्टँडअप बघायला जातो, आणि एकटाच जातो ते ठरवून. सोबत कुणी असलं की हसण्याआधी आपण अर्धा क्षण शेजारी बघतो. त्याला आवडलं का, तिला राग आला का. एकटं बसलं की तो अर्धा क्षण उरत नाही. तुम्ही लिहिलंय ना, ग्रुप हसत होता म्हणून मीही हसले, ते वाचून वाईट वाटलं. तशी वेळ परत येऊ नये म्हणूनच एकट्या जा.

आता बसण्याचं. बऱ्याच ठिकाणी सीट नंबर नसतो, जो आधी येईल त्याची खुर्ची. वीस मिनिटं आधी पोहोचा आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला बसा. कारण प्रकाशाचं आहे. स्टेजवरच्या माणसाच्या डोळ्यांवर झोत असतो, त्याला पहिल्या दोन रांगांपलीकडचे चेहरे धड दिसत नाहीत. क्राउड वर्क, म्हणजे प्रेक्षकांना बोलतं करून त्यांच्यावर विनोद करणं, तिथेच होतं. दारावरचा मुलगा पुढे बसवायला लागला तर सरळ सांगा, मला मागे बसायचंय. ऐकतात. आणि किमान बिल आहे का ते तिकीट काढण्याआधीच फोन करून विचारा.

शोचे प्रकार वेगळे असतात, ते कळलं की निवड सोपी. लाइनअप म्हणजे चार-पाच जण, प्रत्येकाची दहा-पंधरा मिनिटं, तावून सुलाखून घेतलेलं साहित्य. सोलो म्हणजे एकाचाच तासाभराचा कार्यक्रम. ट्रायल म्हणजे तोच तास अजून घडतोय, हातात वही असते, मध्येच थांबून खूण करतात. ओपन माइकला नवी मुलं चार-पाच मिनिटांसाठी उभी राहतात. वेळ संपत आली की मागून कुणीतरी मोबाईलचा टॉर्च दाखवतो. त्याला ते ‘लाइट मिळाला’ म्हणतात. मी लाइटवाला असल्यामुळे माझं लक्ष नेहमी त्या ठिपक्याकडे जातं. एकदा एका पोराचा एकही विनोद लागला नव्हता. लाइट दिसल्यावर त्याने खांदे सैल सोडले, खिशातून चिठ्ठी काढली, वाचायची ती ओळ वाचली, आणि ती लागली. हॉलमध्ये आम्ही अठरा जण होतो. ते अठरा जणांचं हसणं मला अजून आठवतं.

ठिकाणाचं म्हणाल तर मुलुंडहून लोअर परळ सोपं. खार, अंधेरीला जाण्यात दादरला गाडी बदलायची, आणि येताना पुन्हा तेच. लोअर परळसाठी तुम्ही स्लो लोकलने करी रोडला उतरा, ना. म. जोशी मार्गावरून डिलाईल रोडचा पूल ओलांडला की सेनापती बापट मार्ग. तो पूल २०१८ ला बंद केला होता, २०२३ च्या नोव्हेंबरपासून पूर्ण सुरू आहे, त्यामुळे चालणं आता सुखाचं. इथेच पॅलेडियम मॉलमध्ये २०१० साली द कॉमेडी स्टोअर सुरू झालं होतं, पुढे त्याचं कॅनव्हास लाफ क्लब झालं. नियमित स्टँडअप चालणारी मुंबईतली ही अगदी सुरुवातीची जागा. शुक्रवारी काय आहे आणि नेमकं कुठे, ते बुकमायशोवर बघून घ्या.

मला त्या भागाचं वेगळं वाटतं. वडील बीडीडी चाळीतून मिलमध्ये जायचे, १९८२ च्या संपानंतर गेले नाहीत. फिनिक्स मिलच्या आवारात आता मॉल आहे. पण गिरणगावात माणसांना समोर उभं राहून हसवणं हे काही परवा आलेलं नाही. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड लागायचे. सोंगाड्या बतावणीत पुढच्या बाकावरच्या माणसाला नेमका पकडायचा, आणि तो माणूस खूश होऊन घरी जायचा, कारण थट्टा त्याच्या मापाची असायची. नायगावात वाढलेले दादा कोंडके वगात त्या दिवसाच्या बातमीवर ऐनवेळी बोलायचे. आज इंग्रजी नावाने क्राउड वर्क म्हणतात, ते याहून वेगळं नाही. तुमच्या साडीवर दहा मिनिटं काढणाऱ्याला ते माप कळलं नव्हतं.

शेवटची_गाडी

मी परळच्या एका रुग्णालयात नर्स आहे, सेकंड शिफ्ट संपवून रात्री भांडुपला जाते, म्हणून येण्याचं मी सांगते. करी रोडला फास्ट थांबत नाही, स्लोच घ्यायची, ठाणे किंवा पुढची कुठलीही चालेल. अकराच्या सुमारास प्लॅटफॉर्मवर माणसं असतात. ज्या डब्यावर २४ तास महिलांसाठी असं लिहिलंय त्यातच चढा, काही डबे ठरावीक वेळेपुरतेच लेडीज असतात आणि रात्री जनरल होतात. रात्री लेडीज डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो. नसला तर १३९ लावायचा, मी दोनदा लावलाय, पुढच्या स्टेशनला माणूस आला. परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा. दहाचा शो सव्वाअकराला सुटला तरी गाडी मिळते, पण साडेबाराची वाट बघत बसू नका. आणि पोटभर खाऊन जा, आत सगळं महाग असतं.

चौथी_घंटा

विंगेतल्या माणसाशी बाकी सहमत, पण पहिल्या रात्री ओपन माइक नको. दहातले सात पडतात. ताई एवढ्या उत्साहाने जाणार आणि पडेल विनोद ऐकून परत येणार, हे बरं नाही. आठचा लाइनअप बघा आणि घरी या.

विंगेतला_माणूस

पडतात, खरंय. पण नाटकाच्या तालमी बघितलेल्या माणसाला त्या पडण्यातच जास्त दिसतं. आधी लाइनअप, मग ओपन माइक, असा क्रम ठेवला तर मला वाटतं दोन्ही पचेल.

ग्रंथपाल_मुलुंड

जाऊन आले. सगळ्यांचे आभार, विशेषतः करी रोडच्या सल्ल्यासाठी.

आठचा लाइनअप बहुतेक हिंदीत होता, पाचांपैकी दोघे मराठी, आणि ते अधूनमधून मराठीत येत होते तेव्हा मागून शिट्ट्या. चौथ्या रांगेत वाटेकडेला बसले. शेजारच्या दोन मुलींनी विचारलं, काकू कुणाबरोबर आलात? मी एकटी म्हटल्यावर त्यांनी सरकून मला पर्स ठेवायला जागा दिली, एवढंच. पुढे बोलणं झालं नाही आणि मला ते आवडलं.

दहाचा ओपन माइक मात्र मी राहून बघितला, चौथी घंटा रागावू नका. अकरा जण आले. तुमचा आकडा बरोबर निघाला, बरेच पडले. पण नवव्या नंबरला डोंबिवलीची एक मुलगी होती, जेमतेम बावीसची असेल, माइकची वायर बोटाला गुंडाळत उभी. तिची आजी कुकर लावून फोनवर बोलते, असा प्रसंग. कुणाच्या तरी मयताचा फोन आहे आणि आजी म्हणतेय, “फार वाईट झालं हो... दोन... शेवटपर्यंत शुद्धीवर होते का? ...तीन... बरं, चौथी झाली की ठेवते.” आजीचा आवाज काढताना ती एका हाताने पदर सावरत होती आणि दुसऱ्या हाताची बोटं शिट्ट्या मोजत होती. माझी आई अगदी अशीच मोजायची, बोटांच्या पेरांवर. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि खरंच, मी कुणाकडेही बघितलं नाही. तेवढ्यात मागे टॉर्च लागला. तिने लाइट बघितला, घाईघाईने “थँक्यू” म्हणाली आणि उतरली, चौथी शिट्टी राहिलीच.

बाहेर जिन्यात ती दिसली तेव्हा मी थांबून तिला विचारलं की माझ्या आईचं तुला कुठून कळलं. ती म्हणाली, “काकू, चौथी शिट्टी पुढच्या शुक्रवारी करणार आहे, याल का?”

११.२० ला पूल उतरले, करी रोडला लगेच ठाणे गाडी मिळाली, डब्यात होमगार्ड होत्या. पावणेएकच्या आत घरी. आता पुढच्या शुक्रवारचं तिकीट काढलंय. कुणी येणार असाल तर या, पण वेगवेगळे बसू.