छोट्या हायब्रिडला सुपरचार्जर लावावा का?

दुसरा गियर (धागाकर्ता)

होंडा सीआर-झेडसारख्या छोट्या हायब्रिडला (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीला) सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर, बसवायचा विषय निघाला की "मग हायब्रिड घेतलीच कशाला?" हा प्रश्न ठरलेला. माझं मत सरळ आहे: सुपरचार्जर शोभेल अशा हायब्रिड मोजक्याच आहेत आणि ही त्यातली पहिली.

२०१० साली गाडी आली तेव्हा १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन, सोबत जेमतेम १० किलोवॉटची मोटर आणि हायब्रिडमध्ये विरळाच दिसणारा सहा गियरचा मॅन्युअल बॉक्स. वळणांवर गाडी छान धावते, पण दम कमी. २०१३ च्या मॉडेलला १५ किलोवॉटची मोटर आणि लिथियम-आयन बॅटरी मिळाली, तरी एकूण ताकद १३० अश्वशक्तीच. पुढे होंडाच्याच रेसिंग शाखेने, एचपीडीने, अमेरिकेत सुपरचार्जर किट काढलं आणि आकडा १९७ वर गेला. डीलरकडून बसवून घेतलं तर वॉरंटीही शाबूत. त्याआधी २०१२ मध्ये जपानात होंडाच्या गाड्या ट्यून करणाऱ्या म्यूगेनने सीआर-झेडच्या सुपरचार्जरवाल्या ३०० 'आरझेड' काढल्या होत्या. म्हणजे ही कुणा एकट्या हौशी माणसाची लहर नाही.

खरी गंमत जोडीत आहे. सेंट्रिफ्यूगल (पंख्यासारख्या चाकाने हवा ढकलणाऱ्या) सुपरचार्जरचा दाब आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, चढतील तसा वाढतो. दोन हजारांच्या आसपास तो जवळपास काहीच देत नाही. मोटर नेमकी तिथेच जोर लावते. एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

मंदगती

साफ असहमत. गाडीचं वजन साधारण १२०० किलो, त्यात बॅटरी, मोटर आणि बॅटरीची वीज मोटरला जुळवून देणारा इन्व्हर्टर इंधन वाचवायला बसवलेले. तुम्ही ते ओझं तसंच ठेवून वर कॉम्प्रेसर, दाबाने तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, पाइप आणि ब्रॅकेट चढवणार. ताकदच हवी तर ताकदीची गाडी घ्या. शिवाय सुपरचार्जर पट्ट्यावर फिरतो, म्हणजे इंजिनाचीच ताकद खातो. १.५ लिटरच्या इंजिनाकडून हा कर वसूल करायचा कशासाठी?

दुसरा गियर

@मंदगती, कर आहे, पण चोवीस तास नाही. हलक्या पायाने एकसारखं चालवताना हवेला परतीची वाट देणारा बायपास व्हॉल्व्ह उघडा असतो, दाब तयार होत नाही, नुकसान थोडंच राहतं. मायलेज खातो तो चालवणाऱ्याचा उजवा पाय. आणि ट्रॅकचा विचार करा. लागोपाठ जोर मागितला की ही छोटी बॅटरी लवकर रिकामी होते. मग मूळ गाडीत हातात उरतं फक्त १.५ लिटर. सुपरचार्जर तिथेच कामाला येतो.

मंदगती

बॅटरी रिकामी झाली की ती निव्वळ वजन, हे तुम्हीच सांगितलंत. माझा मुद्दा तोच आहे.

स्पॅनर

तत्त्वाचा वाद बाजूला ठेवून कामाचं बोलतो, कारण अशा गाड्या उघडून पाहिल्या आहेत.

या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १०.४:१ आहे. त्यावर थोडासा दाबसुद्धा नॉकिंगला (मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याला) आमंत्रण देतो. एका गाडीला कुठल्याशा वर्कशॉपने सुपरचार्जर बसवून दिला होता, इंटरकूलर मात्र नावापुरता, बंपरच्या मागे, जिथे वारा पोचतच नव्हता. तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण थ्रॉटल देऊन सेन्सरच्या आकड्यांची नोंद (लॉग) काढली. पहिल्या वेळी सगळं ठीक. लगेच पुन्हा तेच केलं तर आत जाणाऱ्या हवेचं तापमान भराभर चढलं, नॉक सेन्सरने इशारा दिला आणि ईसीयूने (इंजिनाच्या संगणकाने) ठिणगीची वेळ, म्हणजे इग्निशन टायमिंग, मागे घेतलं, त्याने जोर कमी झाला. मालकाला वाटत होतं क्लच घसरतोय. क्लच उत्तम होता, इंजिन स्वतःला वाचवत होतं.

मूळ प्रेशर सेन्सर वातावरणाच्या दाबापलीकडे फारसं वाचत नाही. तो बदलला नाही तर इंधनाचा हिशेब अंदाजपंचे. इंजेक्टर मोठे हवेत आणि ट्यूनिंग करणाऱ्याला मोटरच्या असिस्टचीही समज हवी.

आणि एक कळकळीचं: हाय व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना हौसेने हात लावू नका. आधी हाय व्होल्टेजचा मुख्य स्विच बंद करायचा, कॅपॅसिटर उतरायला पुस्तिकेत दिलेला वेळ थांबायचं, मीटरने तपासायचं, मगच पाना उचलायचा.

रानवारा

@स्पॅनर, नेमका प्रतिसाद. मग टोयोटाच्या हायब्रिड प्रियसलाही हेच करता येईल? माझ्याकडे १.८ लिटरवाली आहे.

स्पॅनर

नको. त्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा मिटतो, आत आलेल्या हवेतली काही परत बाहेर ढकलली जाते. दाबाने भरलेली हवाही तशीच माघारी जाणार. कॉम्प्रेशन रेशो १३:१. त्याहून मोठी अडचण गियरची: इंजिनाच्या टॉर्कचा (फिरवण्याच्या जोराचा) सुमारे २८ टक्के वाटा छोट्या मोटर-जनरेटरला तोलून धरावा लागतो. इंजिनाचा जोर वाढवला तर त्याच प्रमाणात तिच्यावरचा भार वाढतो, आणि तिला मर्यादा आहे. सीआर-झेडमध्ये मोटर इंजिन आणि गियरबॉक्सच्या मध्ये त्याच शाफ्टवर बसते, त्यामुळे हा पेच नाही.

मंदगती

गियरबॉक्सचं ठीक, पण इंजिनाचं काय? बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८९.४ मिलिमीटर. लांब स्ट्रोकचं, काटकसरीसाठी घडवलेलं इंजिन. त्यापेक्षा हायब्रिडचं सगळं काढून होंडाचंच मोठं, ताकदीचं के-सिरीज इंजिन टाकणारे मला जास्त प्रामाणिक वाटतात.

दुसरा गियर

इथे मात्र मला खरंच वाईट वाटतं. मोटर काढली की ती गाडी आणखी एक वेगवान होंडा होते, एवढंच. तशा पुष्कळ आहेत. दुसऱ्या गियरमध्ये वळणातून बाहेर पडताना आधी मोटरचा हलका धक्का आणि मग वर चढत जाणारं इंजिन, हा अनुभव या जोडीशिवाय मिळत नाही. तो वाढवायचा आहे, पुसायचा नाही.

स्पॅनर यांच्या सूचनांना माझी एक भर, कामाच्या क्रमाची: आधी टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेक फ्लुइड. रीजनवर (वेग कमी करताना मोटरने वीज परत बॅटरीत भरण्यावर) विसंबून ब्रेककडे दुर्लक्ष करू नका. बॅटरी भरलेली असली की रीजन जवळपास नसतंच. त्यानंतर जोर दोन्ही चाकांत वाटून देणारा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, नाहीतर पुढचं आतलं चाक नुसतं फिरत राहील. सुपरचार्जर शेवटी.

रानवारा

आणि सीव्हीटीवाली (पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिक गियरची) सीआर-झेड मिळाली तर?

दुसरा गियर

तिला जशी आहे तशीच चालवा. एचपीडीचं किटसुद्धा फक्त मॅन्युअलसाठी होतं.